समुद्रकाठचा वाफा : पुळणीची झाडं आणि वाडीतल्या जुन्या वस्तू

माडाखालची

नमस्कार मंडळी,

आमचं घर सिंधुदुर्गात आचऱ्याजवळ. अंगणातून समुद्र दिसत नाही, पण रात्री गाज ऐकू येते आणि पावसाळ्यात खिडकीच्या गजांवर मिठाचा थर बसतो. घराच्या पश्चिमेला, पडवी आणि गडगा (कुंपणाची दगडी भिंत) यांच्यामध्ये 14 फूट लांब आणि 5 फूट रुंद अशी पट्टी आहे. तिथे गुलाब लावले, गेले. शेवंती लावली, गेली. जास्वंद जगली, पण पानांच्या कडा कायम करपलेल्या. आता ठरवलंय की त्या जागेला समुद्रकाठच होऊ द्यायचं. वाळू, किनाऱ्यावर आपसूक वाढतात ती झाडं आणि घरात-वाडीत पडून असलेल्या जुन्या वस्तू, एवढ्यावरच वाफा सजवायचा.

गेल्या वर्षी एक प्रयत्न केला होता. पुळणीवरून, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूतून, दोन गोणी वाळू आणली, लाल मातीवर चार बोटं जाड पसरली आणि त्यात सदाफुली आणि झेंडू लावला. सदाफुली तगली. झेंडू महिन्याभरात पानांच्या टोकांपासून जळत गेला. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत निम्मी वाळू गडग्याच्या फटींतून वाहून गेली, उरलेली चिखलात मिसळली. फार वाईट वाटलं, कारण सासूबाई रोज सकाळी तिथे खुर्ची टाकून बसायच्या.

हाताशी काय काय आहे ते सांगते. मे 2021 च्या तौक्ते वादळात आमचा एक माड पडला, त्याच्या खोडाचे चार तुकडे. मंगळुरी कौलं साधारण चाळीस. होडीचा छोटा लोखंडी नांगर, चार दातांचा, गंजलेला. तळाला भोक पडलेलं तांब्याचं घंगाळ. लोणच्याची चिनी मातीची मोठी बरणी, काठाला तडा गेलेली. एक वल्हं. नायलॉनच्या जुन्या जाळ्याचा ढीग आणि प्लास्टिकचे बोये (जाळं तरंगत ठेवणारे). शिवाय शेजारच्या काकांची लहान होडी त्याच वादळात बाजूने फुटली, ती तेव्हापासून माडांत उपडी पडून आहे. ती मागावी का, असा विचार मनात आहे.

वाळूचं काय करू? झाडं कोणती? जाळं कसं वापरू? आणि होडीत झाडं लावलीत का कुणी?

जांभादगड

ताई, आधी वाळूचं बोलतो, कारण सगळं तिथेच अडलंय.

पुळणीवरची वाळू आणू नका. तुम्ही दोनच गोण्या आणल्या हे खरं, पण किनाऱ्यावरून वाळू उचलायला सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत मनाई आहे आणि वाळूच्या टेकड्या तर त्यात सर्वात संवेदनशील गटात धरल्या आहेत. वादळात लाटांचा पहिला मार त्या टेकड्याच झेलतात. बागेच्या दृष्टीनेही ती वाळू गैरसोयीची. तिच्यात मीठ असतं आणि तुम्ही ती न धुता पसरलीत. वर उन्हाने पाणी उडून गेलं की मीठ मुळांपाशी साठत जातं. झेंडूला ते सोसलं नाही.

त्याऐवजी खडी क्रशरवरची बारीक ग्रिट (दगडाचा चुरा) आणा. काळ्या दगडाची असते, करड्या रंगाची. माझ्या घरच्यांना वाटलं होतं की वाळू पांढरीच हवी, त्याशिवाय समुद्र वाटायचा नाही. पण मी रत्नागिरीचा. आमच्या गावात पांढरा समुद्र आहे आणि मांडवीचा काळा समुद्रही आहे. काळ्या पुळणीवर पावसानंतर जो ओला चकाकता रंग येतो, तो मला जास्त आवडतो. ग्रिटवर पाणी शिंपडलं की अगदी तसं दिसतं.

आता वाहून जाण्याचं. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्यात मोकळी पसरलेली वाळू थांबणार कशी? वाफ्याला जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची कड करा. चिरे निम्मे जमिनीत गाडा, निम्मे वर ठेवा आणि दोन चिऱ्यांमध्ये बोटभर फट सोडा, म्हणजे पाणी निघून जाईल पण ग्रिट अडेल. कड पक्की सिमेंटने भरू नका, नाहीतर वाफ्याचं तळं होतं. आत लाल मातीत निम्मी ग्रिट आणि थोडं शेणखत मिसळून जमिनीपासून वीतभर उंच करा. निव्वळ ग्रिट फक्त वरचे दोन इंच. ती शोभेलाही आणि तण कमी यावं म्हणूनही.

वेळासची वाट

झाडांबद्दल लिहिते. पहिली मर्यादवेल. पुळणीवर जांभळ्या-गुलाबी फुलांची, दोन पाकळ्यांत चिरल्यासारख्या पानांची वेल सगळ्यांनी पाहिली असेल. समुद्राने इथवरच यायचं, अशी मर्यादा ती घालते म्हणून हे नाव, असं माझी आजी सांगायची. तिच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि ती वाळू बांधून ठेवते. म्हणूनच टेकडीवरून उपटून आणायची नाही. कुणाच्या कुंपणावर आलेली असेल तिथून हातभर लांबीचे, तीन-चार पेरांचे तुकडे मागून घ्या आणि निम्मे वाळूत आडवे पुरा. एकदा धरली की मात्र दर महिन्याला कडेने छाटायला लागते, नाहीतर सगळा वाफा तिचा होतो. फुलं सकाळची. दुपारपर्यंत मिटतात.

मागे उंच काहीतरी हवं असेल तर कोपऱ्यात केवडा. त्याची पानं काटेरी असतात आणि झाड फार फैलावतं, त्यामुळे पाच फुटी पट्टीत मी स्वतः लावणार नाही. त्यापेक्षा नागदवण्याचे कांदे लावा. रुंद, तजेलदार पानं, पांढरी सुवासिक फुलं, खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाहीत. कांदा विषारी असतो, लहान मुलं आणि गुरं असतील तर लक्ष ठेवा. पुढच्या बाजूला सदाफुली आणि सकाळी दहाच्या सुमाराला फुलणारी ऑफिस टाइम. बाजूला कोरफड.

आणखी एक मनापासूनची विनंती. अशा वाफ्यात हल्ली सौर दिवे खोचतात. तुमचं घर पुळणीच्या जवळ असेल तर समुद्राच्या दिशेने उजेड जाणार नाही हे बघा. आमच्या वेळासच्या, आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून वर येतात आणि उजळ क्षितिजाकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचं असतं. मागच्या बाजूला घरांचे दिवे पेटलेले असले तर ती उलटी वाडीकडे चालायला लागतात. तुमच्या सिंधुदुर्गातही कासवं येतात.

रापणीचा दोर

मी मासेमारी करणाऱ्या गाबित समाजातला, घरात अजून रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आहे. होडीबद्दल विचारलंत म्हणून लिहितोय.

काकांना विचारल्याशिवाय ती होडी हलवू नका, आणि विचारतानाही "ती फुटकी होडी हवी आहे" असं म्हणू नका. आमच्याकडे होडी ही लक्ष्मी. नारळी पौर्णिमेला तिची पूजा होते. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारतात, घरातलं माणूस आजारी असल्यासारखी काळजी घेतात. वादळात फुटलेली होडी इतकी वर्षं माडांत तशीच ठेवली आहे, मोडून चुलीत घातलेली नाही, यावरून काय ते समजा. माझ्या वडिलांना मी तुमचा प्रश्न वाचून दाखवला. ते म्हणाले, "होडयेत माती घालूक हरकत नाय. पण तोंड दर्याकडेच ठेवा."

काकांनी दिली तर आता कामाचं. होडीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून जो रंग लावतात त्यात तांबं असतं. बाहेरून लावलेला असतो, आत नाही, पण तो खरवडू नका. खरवडायचाच असेल तर तोंडाला फडकं बांधा आणि भुकटी वाफ्यात पडू देऊ नका, ताडपत्रीवर गोळा करा. होडीत भाजी अजिबात लावू नका, फक्त शोभेची झाडं. तळाला फुटलेली जागा आहेच, तरी आणखी चार-पाच भोकं पाडा. होडी थेट मातीवर टेकवू नका, दोन-दोन चिऱ्यांवर ठेवा, नाहीतर वाळवी दोन पावसाळ्यांत संपवेल.

सगळी होडी मातीने भरायची गरज नसते. खालच्या निम्म्या भागात नारळाची सुकी सोडणं (काथ्याची सालं) दाबून भरा, त्यावर माती. वजन कमी होतं आणि सोडणं पाणी धरून ठेवतात. दोन-तीन वर्षांत ती कुजून माती खाली बसते, तेव्हा वरून भर घालायची.

जाळ्याबद्दल मात्र ठाम सांगतो. नायलॉनचं जाळं जमिनीवर किंवा झुडपांवर पसरू नका. आमच्या परसात मी असंच शोभेसाठी पसरलं होतं. एका सकाळी त्यात धामण अडकलेली. जितकी सुटायला धडपडली तितका धागा खवल्यांखाली रुतत गेला. सर्पमित्र येऊन लहान कात्रीने एकेक घर कापेपर्यंत तासाभराहून जास्त गेला. ती जगली. पण ते बघवत नव्हतं. जाळं भिंतीवर ताणून, जमिनीपासून निदान कंबरेएवढं उंच बांधा. जमिनीवर काही हवं असेल तर काथ्याचा दोर वापरा.

माडाखालची

धामणीचं वाचून संध्याकाळी आधी तो जाळ्याचा ढीग उचलला आणि माळ्यावर ठेवला. खाली एक बेडूक होता, बाकी कुणी नाही.

काकांकडे उद्या जाते. रिकाम्या हाताने जाणार नाही. शहाळी उतरवली आहेत.

एक विचारायचं राहिलं. शंख-शिंपले किनाऱ्यावरून वेचून आणले तर चालतील ना? लेकीने डबा भरून गोळा केलेत.

कालवं आणि कोकम

ताई, डब्यातले शिंपले तिला खेळायला असू देत, पण वाफ्यासाठी गोणीभर वेचायला जाऊ नका. रिकाम्या शंखांत राहणारे खेकडे असतात. अंग वाढलं की त्यांना मोठा शंख शोधावा लागतो आणि मोठे, अखंड शंखच माणसं आधी उचलतात. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काही जातींचे शंख, सगळी प्रवाळं आणि समुद्रघोडे यांना संरक्षण आहे. मालवणच्या बाजूला वादळानंतर प्रवाळाचे पांढरे तुकडे वाहून येतात. सुंदर दिसतात. पण तेही उचलायचे नाहीत, बाजारात कुणी विकत असेल तर घ्यायचे नाहीत.

आणि खरं तर गरजच काय? आपल्या स्वयंपाकघरातून आठवड्याला केवढे शिंपले बाहेर पडतात! तिसऱ्यांचे, शिनाण्यांचे, कालवांचे. माझ्या दारातली सगळी पायवाट जेवणातल्या तिसऱ्यांची आहे. सहा वर्षं साठवतेय. पाहुणे आले, तिसऱ्यांचं सुकं झालं, की दुसऱ्या दिवशी वाटेत मूठभर भर पडते. कुठला थर कुठल्या पाहुण्यांचा हे मला अजून सांगता येतं.

करायचं असं : जेवणं झाली की शिंपले उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, आतला चिकटलेला भाग नखाने काढायचा, मग पत्र्यावर कडक उन्हात आठ-दहा दिवस. वास राहिला तर मुंगूस आणि कुत्री सगळा वाफा उकरतात. कालवांचे कवच धारदार असतात, ते पायवाटेत नको, मागच्या बाजूला टाका. शिनाण्यांची आतली निळसर चमक वर येईल अशी मांडणी करा, ओली झाली की फार सुरेख दिसते.

एक लक्षात घ्या, शिंपले म्हणजे चुनाच. पूर्वी आपल्याकडे ते भाजून बांधकामाचा चुना करायचे. जांभ्याची माती आंबट असते, त्यात शिंपल्यांचा चुरा हळूहळू विरघळून ती आंबटपणा कमी करतो. तुमच्या यादीतल्या झाडांना त्याने काही होणार नाही. अनंत मात्र जवळ लावू नका, त्याला आंबट माती लागते, पानं पिवळी पडतील.

शहरातला कोकणी

वाचतोय सगळं. एक सुचवू का? चिऱ्यांना पांढरा आणि होडीला फिकट निळा रंग दिला तर? इंटरनेटवर सगळे समुद्री वाफे निळे-पांढरेच दिसतात आणि फोटोत फार छान येतात.

जांभादगड

दादा, तुमची सूचना आपुलकीची आहे, पण मला वेगळं वाटतं. निळा-पांढरा हा दुसऱ्या कुठल्या तरी देशाचा किनारा. आपला किनारा लाल आहे. जांभ्याचा कडा, त्याखाली काळी किंवा पिवळसर पुळण, वर माडाचा हिरवा आणि पावसात सगळ्यावर शेवाळ. चिऱ्याला रंग दिला तर त्याच्या भोकांत मखमली शेवाळ आणि बारीक नेचे कसे येणार? पहिल्या पावसानंतर चिरा जो गडद होतो, तो रंग डब्यात मिळत नाही. होडीचाही मूळ रंग ठेवावा. त्या घराने तो निवडलेला असतो.

अष्टागरी

मी अलिबागजवळच्या नागावचा. आमच्या भागावर 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा सुपारी आणि माडांच्या वाड्या आडव्या झाल्या. दहा-पंधरा वर्षं वाढवलेली झाडं एका दुपारीत गेली. वडील दोन दिवस वाडीत उतरलेच नाहीत. नंतर लाकूड कशाकशाला वापरायचं, हा प्रश्न प्रत्येक घरापुढे होता.

सुपारीचं खोड उभं चिरून आतला भुसभुशीत गर काढला की पन्हळ होते. रहाटाचं पाणी झाडांना न्यायला पूर्वी अशाच पन्हळी होत्या. आम्ही चार पन्हळी वाफ्याच्या कडेने ठेवून त्यात ऑफिस टाइम लावली. सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्या ओळी एकदम फुलतात. माडाच्या खोडाचे तुमचे तुकडे उभे गाडा, कमी-जास्त उंचीचे, जेट्टीच्या खांबांसारखे. गाडायचा भाग आधी विस्तवावर बाहेरून काळा होईपर्यंत भाजून घ्या, वाळवी उशिरा लागते. त्यांना काथ्याचा दोर गुंडाळा.

वाडीतली आणखी फुकटची शोभा म्हणजे माडाची पोय, फुलोऱ्यावरचं आवरण. सुकली की होडीच्याच आकाराची होते. आणि सुरूची बारीक फळं, लाकडी मण्यांसारखी. ती मात्र कितीही वेचा.

नांगराचे दात बोथट करून घ्या किंवा टोकं मातीत जातील असा रोवा. गंजलेलं लोखंड पायात घुसलं तर धनुर्वाताची भीती असते. गंजाने झाडांना त्रास नाही. आणि घंगाळ, बरणी, बोये, उताणे शिंपले यांत पाणी साचतं का ते पावसात रोज बघा. डेंग्यूचे डास एवढ्याशा स्वच्छ पाण्यात वाढतात. घंगाळाला भोक आहे हे उलट चांगलंच.

माडाखालची

मंडळी, धागा वर काढतेय. नारळी पौर्णिमा होऊन दोन आठवडे झाले, वाफ्याने पहिला पावसाळा काढला.

काकांनी होडी दिली. लगेच नाही. शहाळी घेतली, पाणी प्यायले, वादळाच्या रात्रीचं बोलले. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा म्हणाले, विचार करतो. तिसऱ्या दिवशी मुलाला आणि आणखी दोघांना घेऊन स्वतःच होडी उचलून आणली. तोंड कुठे करायचं हे मला सांगावं लागलं नाही.

जांभादगड, चिऱ्यांची कड तुम्ही सांगितली तशीच केली. जुलैत तीन दिवस सलग पाऊस लागला, ग्रिट जागची हलली नाही. एका कोपऱ्यात फट पानांनी बुजली होती, तिथे पाणी तुंबून कोरफडीचे दोन गड्डे सडले. आता दर आठवड्याला फटी साफ करते.

मर्यादवेल मात्र पावसात रुसलीच. चारातले दोन तुकडे कुजले, दोन धरले. नागदवणा उत्तम. ऑफिस टाइम पावसात विरळ झाली होती, आता ऊन पडायला लागल्यावर पुन्हा भरतेय. होडीत सदाफुली लावली आहे, पांढरी आणि गुलाबी, आणि मागच्या टोकाला एक खुरचाफ्याची फांदी. ती मोठी झाली की होडीत मावणार नाही हे माहीत आहे, तेव्हा खाली काढून लावू.

कौलं फुटक्या बाजूने अर्धी गाडून लाटांसारख्या तीन ओळी केल्या. काही कौलांवर कारखान्याची इंग्रजी अक्षरं आहेत, ती बाजू वर ठेवली. लोणच्याची बरणी आडवी, तोंडातून ग्रिट आणि तिसऱ्यांचे शिंपले सांडल्यासारखे. शिंपले अजून कमी पडतायत. लेकीने तिचा डबा पुळणीवर परत नेऊन रिकामा केला, तिच्याच मनाने. मग घरी येऊन आजीला विचारलं, आज तिसऱ्या करशील का?

सासूबाईंची खुर्ची पुन्हा तिथे आली आहे.

रापणीचा दोर

फार बरं वाटलं. वडिलांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल जवळ धरून बराच वेळ पाहिला. मर्यादवेल आत्ता सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा लावा, ओल असते आणि मुसळधार नसते. काका येऊन बघून गेले का?

माडाखालची

हो, परवा आले होते. सासूबाईंशी बोलत उभे होते. वल्ह्याला मी काथ्याचा दोर गुंडाळून गाठ मारली होती, ती बघितली. काही न बोलता सोडली, पुन्हा गुंडाळून पक्की बांधली आणि टोक आत खोचलं. मग म्हणाले, आता पुढच्या पावसापर्यंत बघायला नको.

वेळासची वाट

ती गाठ शिकून घ्या त्यांच्याकडून, आणि जमलं तर इथे पायरीपायरीने फोटो टाका. माझ्या वाफ्यातला दोर दर महिन्याला सुटतो. मर्यादवेलीचे तुकडे हवे असतील तर आमच्या मागच्या कुंपणावर भरपूर आहेत, ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीने पाठवते.